तुंगारेश्वरच्या पायथ्याचा धूर

वसईजवळच्या गोखिवऱ्यातून पूर्वेला पाहिलं की तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो. 2003 पासून तो अभयारण्य आहे. वर कारखाना नाही, म्हणून वरची माती निर्मळच असणार, असं आम्ही वसईकर धरून चालतो. गेल्या सत्तर वर्षांकडे वळून पाहिलं की हा भरवसा टिकत नाही.

वर पोचतात ती सेंद्रिय प्रदूषकं. आधी या शब्दाचा घोळ सोडवू. ‘सेंद्रिय’ म्हटलं की आपल्याला शेणखत आठवतं. रसायनशास्त्रात मात्र सेंद्रिय म्हणजे कार्बनी. डीडीटी, गॅमेक्झिन, डायॉक्सिन ही सगळी सेंद्रियच, आणि वर्षानुवर्षं न कुजणारी.

1953 साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावच्या भिंतींवर डीडीटीचा पांढरा थर बसू लागला. त्या फवाऱ्याने असंख्य जीव वाचवले, हे विसरून चालणार नाही. शेतात मात्र तीच भुकटी पोत्यांनी पडली. ऊन तापलं की अशी रसायनं थोडी थोडी वाफ होऊन उडतात, गारवा लागला की खाली बसतात, पुन्हा उडतात. असं टप्प्याटप्प्याने ती डोंगर चढतात. कॅनडाच्या रॉकी पर्वतातल्या बर्फात, 770 मीटरपासून 3100 मीटरपर्यंत चढताना, काही क्लोरीनयुक्त रसायनं दहा ते शंभर पटींनी वाढलेली आढळली. तो शोध 1998 चा.

आपल्याकडे बर्फ नाही, पण जंगल आहे. पानांवरच्या मेणचट थराला ही तेलात विरघळणारी रसायनं चिकटतात, पान गळतं, कुजतं, आणि त्या काळ्या पालापाचोळ्याच्या मातीत ती घट्ट बसतात. माती जितकी कसदार, तितकी तिची पकड मोठी.

शेतीतलं डीडीटी 1989 मध्ये बंद झालं, गॅमेक्झिन 1997 मध्ये. अशा न कुजणाऱ्या रसायनांना आवर घालणाऱ्या स्टॉकहोम कराराला 2006 मध्ये भारताने मान्यता दिली. भुकटी ओसरली, पण तोवर पायथ्याशी दुसरंच काही वाढत होतं. वसई पूर्वेला गाळ्यांच्या रांगा उठल्या, महामार्गावर ट्रकांची रीघ लागली. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती बारा लाखांवर गेली आणि त्या सगळ्यांचा कचरा गोखिवऱ्याच्या भोयदापाड्यात, डोंगराच्या कुशीत येऊन पडत राहिला.

मला जास्त काळजी वाटते ती धुमसण्याची. ढिगाच्या पोटात मिथेन साठतो, उन्हाळ्यात तो पेटतो आणि आग आतल्या आत धुमसत राहते. भडकलेल्या आगीपेक्षा अशी कोंडलेली, कमी हवेतली आग वाईट. पीव्हीसी जळताना 200 ते 400 अंशांच्या आसपास डायॉक्सिन तयार होतं, आणि तांबं त्या क्रियेला मदत करतं. म्हणजे भंगारातल्या वायरी तांब्यासाठी जाळणं हा सगळ्यांत घातक प्रकार. उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड, असा आदेश हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये दिला.

दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि पायथ्याचा धूर घेऊन उतारावर चढतात. पावसाळ्यात तोच धूर सरींबरोबर खाली बसतो. मग फाल्गुन-चैत्रात रानात वणवा लागतो. वाळला पाचोळा पेटतो आणि इतकी वर्षं त्याने धरून ठेवलेलं पुन्हा हवेत सुटतं. रात्री मतलई वारा डोंगराकडून गावाकडे वाहतो. तेव्हा गोखिवऱ्यातल्या घरांच्या खिडक्या उकाड्यामुळे उघड्या असतात.