आमच्या नातवाचे बाळसे

नातवाच्या गालाचा चिमटा न घेता परत गेलेली बाई आमच्या घरात मी अद्याप पाहिलेली नाही. "काय गुटगुटीत आहे हो!" असे कुणी म्हटले, की बक्षीस मलाच मिळाले अशा थाटात मी पदर सावरीत असे. पण जुलै महिन्यात शाळेतल्या तपासणीचा कागद घरी आला. वय नऊ, वजन ४७ किलो! मी लागलीच गुन्हेगार ठरवून मोकळी झाले. "तुझी नोकरी आणि त्याच्या हातात बिस्किटांचा पुडा! दुसरे काय होणार?" असे सूनबाईला पाहुण्यांदेखत सुनावले. तिला तेव्हा चौथा महिना होता. ती निमूटपणे आत निघून गेली.

माझी खोड मोडली ती आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी. नातवाला घेऊन गेले, तर त्यांनी पोराला सोडून मलाच उलटतपासणीला उभे केले. "आजी, याचा बाप जन्मला तेव्हा केवढा होता?"

पाच पौंडांचा होता. १९८५ सालची गोष्ट. घरात अकरा माणसे. पुरुष आणि मुले जेवून उठल्यावर बायकांची पंगत, त्यातही धाकटी सून शेवटची. पातेल्याच्या बुडाशी उरलेली आमटी अन् दीड पोळी, हे माझे डोहाळजेवण! दूध पुरुषांना आणि पोरांना. शिवाय चतुर्थी, सोमवार, एकादशी होत्याच. कुणी दुष्टपणाने वागत होते असे नव्हे. तशी रीतच होती, आणि मीही ती मुकाट्याने पाळली.

डॉक्टरांनी मग जे सांगितले, त्याने माझी झोप उडाली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांची व पुढे त्यांच्या मुलांची पाहणी चालविली. तिथल्या बाळांचे जन्मतः वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. आपले बाळ काटकुळे, हे कुणीही डोळ्यांनी सांगेल. पण पाठीवरच्या कातडीची घडी मोजली तेव्हा नवल दिसले. स्नायू पुष्कळ कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र इंग्रज बाळाच्या जवळपास! याज्ञिकांनी स्वतःलाही सोडले नाही. २००४ साली त्यांनी लंडनच्या डॉ. यडकिन यांच्याबरोबर आपले छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. अंगातली चरबी मात्र यडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

आणि हे आपल्याच देशाचे दैव नव्हे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडात माणशी हजार उष्मांकांचेही अन्न मिळेना. त्या दुष्काळाच्या वेळी जे गर्भाच्या पहिल्या अर्ध्या काळात होते, त्यांच्यात एकोणिसाव्या वर्षी लठ्ठपणा अधिक आढळला. सुमारे तीन लाख तरुणांच्या नोंदी तपासून हे १९७६ साली प्रसिद्ध झाले. गर्भ पोटात असतानाच बाहेरच्या जगाचा अंदाज घेतो, असे शास्त्रज्ञ मानतात. अन्न थोडे आहे, तेव्हा स्नायूंवर खर्च नको, मेंदू वाचवा, चरबी जपा! पुढे ताटात बासुंदी आली तरी शरीर ते काटकसरीचे वळण सोडीत नाही.

माझ्या अर्धपोटी राहण्यानेच हे झाले, असे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. बिस्किटांचा वाटा आहेच. (ते पुडे आणते कोण? बहुधा आजीच.) आईबाप लठ्ठ असले, तर दहा वर्षांखालील मुलाला मोठेपणी लठ्ठ होण्याचा धोका दुपटीहून अधिक, असे १९९७ सालच्या एका अमेरिकन पाहणीत दिसले. आमच्या चिरंजीवांचे पोट सदऱ्याच्या गुंड्यांना दाद देत नाही. पण ते मी कधी चारचौघांत काढले नव्हते.

सहाव्या महिन्यात सूनबाईची साखर तपासली, ती वाढलेली निघाली. मी तर "दोन जिवांची" म्हणून लाडवांचे दोन डबे भरून ठेवले होते! आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचे इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचे इन्सुलिन वाढवते आणि जादा साखरेची चरबी करून अंगावर चढवते. अशा मुलांनाही पुढे लठ्ठपणाचा धोका अधिक. मुंबईच्या गरीब वस्त्यांतल्या बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला, तेव्हा बाळांचे सरासरी वजन फारसे वाढले नाही. पण गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के बायकांना झाला. साधा खाऊ मिळालेल्यांत तो १२.४ टक्के होता.

लाडू मी शेजारी वाटून टाकले. रात्रीचे जेवण झाले की आम्ही दोघी इमारतीभोवती फेऱ्या मारतो; नातू सायकलवर पुढे असतो. परवा चालता चालता मी तिला म्हटले, "त्या दिवशी पाहुण्यांदेखत बोलले, ते माझे चुकलेच गं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, तेच पाहुणे दिवाळीत पुन्हा यायचेत. त्यांच्यादेखत म्हणाल?"