चार ओळींची बातमी

दर वर्षी १९ फेब्रुवारीला आमच्या गल्लीत सकाळपासूनच ढोल-ताशे घुमतात. शिवजयंतीची सुट्टी असते, पोरं भगवे फेटे बांधून मोटारसायकली बाहेर काढतात. त्या उत्साहात मीही असतो. पण दुपार कलली की मला नजफ आठवतं. १९९९ साली याच तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, इराकमधल्या त्या शहरात आयातुल्ला मोहम्मद सादिक अल-सद्र यांच्या मोटारीवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्याबरोबर मुस्तफा आणि मुअम्मल हे त्यांचे दोन मुलगेही गेले.

मी तेव्हा मुंबईतल्या एका मराठी दैनिकात रात्रपाळीला परदेशी बातम्या पाहायचो. ही बातमी आमच्यापर्यंत आली ती २० तारखेला. नेमकी त्याच दिवशी वाजपेयींची बस वाघा ओलांडून लाहोरला पोचली होती. पहिलं पान बसचं, आतली तीन पानंही बसचीच. नजफच्या बातमीच्या मी पंधरा ओळी केल्या होत्या. पान लावताना त्यातल्या चार उरल्या. नजफमध्ये कोण मेलं याच्याशी आपल्या वाचकाला काय देणंघेणं, असं वरिष्ठ म्हणाले आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची खंत आजही आहे.

आधीच्या वर्षांत फार रेंगाळत नाही, ती मी पुस्तकांतून ओळखतो. एप्रिल १९८० मध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीने मोहम्मद बाकिर अल-सद्र आणि त्यांची बहीण आमिना यांना मारलं. पुढे इराणशी आठ वर्षं युद्ध चाललं. जानेवारी १९८८ मध्ये महदी अल-हकीम यांना सुदानमध्ये, खार्टूमच्या एका हॉटेलात गोळ्या घातल्या. परदेशात गेलेला धर्मगुरूही सुरक्षित नाही, हा त्यातला निरोप होता आणि तो सगळ्यांना समजला.

सादिक अल-सद्र यांची गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडली. १९९२ साली आयातुल्ला खूई वारले, तेव्हा नजफच्या धर्मपीठावर एखादा अरब गुरू असावा असं राजवटीला वाटत होतं. म्हणून सद्र यांना मोकळीक मिळाली. या मोकळिकीमुळेच परदेशातले कितीतरी इराकी विरोधक त्यांना सरकारचा माणूस म्हणायचे. माझ्याही एका लेखात १९९८ साली तो शब्द गेला होता. तो अन्याय होता, हे आज लिहून ठेवतो. राजवटीने दिलेली जागा त्यांनी राजवटीच्याच विरोधात वापरली. कूफाच्या मशिदीत ते शुक्रवारची नमाज पढवू लागले, तेही अंगावर पांढरं कफन घालून. मरणाची तयारी करूनच आलोय, एवढं त्या कपड्यातून शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळायचं. इराकवरच्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे औषधं नव्हती, पगाराला किंमत उरली नव्हती. बगदादच्या झोपडवस्त्यांतून आणि दक्षिणेतल्या खेड्यांतून माणसं बस भरभरून कूफाला यायची.

डोंगरीत यात्रेकरूंचे काफिले नेणारे एक वयस्क गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. निर्बंधांच्या काळात बगदादला सरळ विमान नसायचं. ते लोकांना अम्मानला उतरवून वाळवंटातल्या रस्त्याने करबला-नजफला न्यायचे. १९९८ च्या शरदात परतल्यावर त्यांनी मला करबलाच्या मातीची एक गोल टिकली दिली होती, नमाजात कपाळ टेकवायची. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, कडेला किंचित झिजलेली. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. कूफाला किती गर्दी असते ते सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, तेही मुंबईत, आपल्याच दुकानात बसून. त्या चार ओळी छापून आल्या त्या दिवशी त्यांचा फोन आला. ‘साहेब, एवढीच?’ असं विचारलं आणि फोन ठेवला.

ही हत्या एकाएकी झाली नव्हती. एप्रिल १९९८ मध्ये आयातुल्ला बुरुजर्दी मारले गेले, जूनमध्ये आयातुल्ला घरवी. संयुक्त राष्ट्रांचे इराकविषयीचे विशेष प्रतिवेदक माक्स फान डेर स्टूल यांनी त्यावर उघड आवाज उठवला होता. सद्र यांच्या खुनानंतर राजवटीने चौकशीचा देखावा केला, बंद दाराआड खटला चालवला आणि एप्रिल १९९९ मध्ये चार शिया माणसांना फाशी दिलं. त्यातले एक नजफमध्येच नमाज पढवणारे शेख होते. खून झाला तेव्हा ते तुरुंगात होते असं सांगितलं जातं, ही नोंद अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या त्या वर्षाच्या मानवाधिकार अहवालात आहे. कोठडीतल्या माणसाने बाहेर येऊन मोटारीवर गोळ्या कशा झाडल्या, हा प्रश्न कोणत्याही पोलीस शिपायाला पडला असता. बगदादच्या न्यायालयाला पडला नाही.

सद्र यांच्या खुनापाठोपाठ, त्याच वर्षी मार्चमध्ये दक्षिणेतलं बसरा पेटलं. १७ तारखेच्या रात्री तरुणांनी सद्दामच्या बाथ पक्षाच्या कचेऱ्यांवर हल्ले केले. दक्षिणेची सूत्रं अली हसन अल-मजीदकडे होती, कुर्दांवर विषारी वायू सोडणारा तो हाच. पुढचे दोन-तीन महिने घरांवर छापे पडत राहिले, मुलं उचलली गेली, घरं पाडली गेली. त्या उठावावर आमच्या पेपरात एक ओळही आली नाही. ओळ टाकायला आमच्याकडे बातमीच नव्हती.

ती आली चार वर्षांनी, कागदांच्या रूपात. एप्रिल २००३ मध्ये राजवट कोसळली आणि कचेऱ्यांचे दरवाजे उघडे पडले. त्याच दिवसांत बगदादचं राष्ट्रीय ग्रंथालय जळालं, अभिलेखागारासकट. त्या आगीची चित्रं पाहताना मी डेस्कवर रडलो होतो. बसऱ्यात मात्र हाताने लिहिलेली चार पानांची एक यादी हाती लागली. १९९९ च्या त्या महिन्यांत मारलेल्या १२० जणांची नावं तिच्यात होती. मे २००३ मध्ये बसऱ्याजवळ सामूहिक कबर उघडली, तेव्हा ओळख पटलेल्यांपैकी काहींची नावं त्याच यादीत सापडली. ह्यूमन राइट्स वॉचने फेब्रुवारी २००५ मध्ये त्यावर अहवाल काढला. तो मी एका बैठकीत वाचला. मारणाऱ्यांनीच हिशोबासाठी वही ठेवली होती. त्या वहीमुळे घरच्यांना आपला मुलगा गेला हे कळलं, चार वर्षांनी.

मला बोलायचंय ते या वहीबद्दलच. राजवटीने कागद ठेवले ते माणसांवर पाळत ठेवायला, आणि राजवट गेल्यावर ते ज्याच्या हाती लागले त्याला ते आपलेच वाटले. बाथ पक्षाचे संस्थापक मिशेल अफलक यांच्या कबरीखालच्या तळघरात इराकी लेखक कनान मकिया यांना पक्षाचं दप्तर मिळालं. त्यांनी ते वाचवलं, याबद्दल त्यांचे उपकार मानायला हवेत. पण पुढे ते अमेरिकेत गेलं आणि २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हूवर संस्थेत जाऊन बसलं. बगदादच्या जळालेल्या ग्रंथालयाचे संचालक साद एस्कंदर तेव्हा जाहीरपणे म्हणत होते की हे कागद इराकी जनतेचे आहेत, परत द्या. जळालेलं ग्रंथालय राखेतून उभं करणाऱ्या त्या माणसाचं कोणी ऐकलं नाही. २००६ मध्ये अमेरिकी सरकारने जप्त केलेले हजारो कागद सर्वांसाठी खुले केले. काहींत अणुबॉम्बविषयीचा तपशील निघाला आणि नोव्हेंबरमध्ये सगळेच बंद झाले. बाँबच्या कागदांबरोबर मेलेल्यांचे कागदही कुलपात गेले.

मार्च २००९ मध्ये बगदादच्या न्यायाधिकरणाने १९९९ च्या त्या दडपशाहीच्या खटल्याचा निकाल दिला. अल-मजीदला फाशीची शिक्षा झाली, सद्दामचे मंत्री तारिक अझीझ या खटल्यातून सुटले. मी त्या निकालाची अर्धं पान बातमी लावली आणि दहा वर्षांपूर्वीच्या चार ओळींचं कर्ज थोडं फेडल्यासारखं वाटलं. डोंगरीचे गृहस्थ तोवर वारले होते.

नंतरच्या वर्षांबद्दल लिहावं असं फार नाही. वॉशिंग्टनमध्ये २०१० साली इराकी कागदांचं संशोधन केंद्र सुरू झालं, ते पैशाअभावी २०१५ मध्ये बंद पडलं. ऑगस्ट २०२० मध्ये बाथ पक्षाचे मूळ कागद विमानाने बगदादला परतले. तेव्हाचे पंतप्रधान मुस्तफा अल-काझिमी स्वतः कधीकाळी मकियांच्या संस्थेत काम केलेले. आता तरी दार उघडेल असं वाटलं. कागद जाहीर न केलेल्या ठिकाणी ठेवले गेले.

यामागचं कारण समजायला कठीण नाही. त्या दप्तरात कोणी कोणाविषयी काय कळवलं याच्या नोंदी आहेत आणि कळवणाऱ्यांतले कितीतरी आज नव्या पक्षांत असतील. शिवाय मारलेल्या धर्मगुरूंची यादी सद्दामबरोबर संपली नाही. १० एप्रिल २००३ रोजी नजफमध्येच अब्दुल मजीद अल-खूई यांना जमावाने मारलं. त्या प्रकरणी इराकी न्यायाधीशाने अटकेचं फर्मान काढलं, ते सादिक अल-सद्र यांचे पुत्र मुक्तदा यांच्या नावे. मुक्तदांनी आरोप नाकारला आणि ते फर्मान कधीच बजावलं गेलं नाही. बापाच्या खुनाचे कागद मागायचे आणि दुसऱ्याच्या बापाच्या खुनाचा कागद दाबायचा, हे मला मान्य नाही. बगदादच्या ज्या वस्तीला आज सद्र सिटी म्हणतात, तिथल्या लोकांनाही ते मान्य नसावं, असं मी मानतो.

आमच्याकडेही काही वेगळं घडलं नाही. कचेरी नव्या इमारतीत हलली, तेव्हा कात्रणांचं दालन रद्दीवाल्याला गेलं. ‘इराक’ लिहिलेला खाकी लिफाफाही त्यात होता. आता त्या चार ओळी माझ्याकडेही नाहीत.

सद्दामच्या माणसांनी ठेवलेल्या नोंदी आज बगदादमध्ये आहेत आणि ज्यांच्या घरची माणसं गेली ती घरं अजून बसऱ्यात, नजफमध्ये, सद्र सिटीत आहेत. बगदाद सरकारने त्या घरांना आपापलं पान वाचायला बोलवावं. आधी बोलवावं ते त्या यादीतल्या १२० जणांच्या आयांना, कारण त्यांचं वय झालंय.