अमेरिकेची चिठ्ठी : 1964 पर्यंतची चांदी

एडिसन, न्यू जर्सी : मारुंजी-हिंजवडीच्या सोसायट्यांमधून ऑनसाइटला इकडे आलेल्या मुलांना घरून विचारणा होते, 'तिकडच्या जुन्या नाण्यांत खरी चांदी असते म्हणे?' असते. फक्त ती नाण्याच्या तोंडावळ्यावरून ओळखू येत नाही, सालावरून येते.

इथला क्वार्टर, म्हणजे पाव डॉलर, 1964 पर्यंत 90 टक्के चांदीचा होता. डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, आणि अर्धा डॉलरही तसेच. साठच्या दशकात चांदी महागली. नाण्यातल्या धातूची किंमत दर्शनी किमतीला भिडणार असं दिसताच लोकांनी नाणी घरात दाबून ठेवली आणि बाजारात सुट्ट्यांची ओरड झाली. जुलै 1965 मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. डाइम-क्वार्टरमधली चांदी साफ गेली. अर्ध्या डॉलरमध्ये 40 टक्के उरली, तीही 1970 पर्यंतच. छाप मात्र तीच राहिली.

नाण्यांच्या दुकानात असे मळकट क्वार्टर ढिगाने असतात. धंद्यातली माणसं त्यांना 'जंक सिल्व्हर' म्हणतात. दुकानदार आधी साल बघतो, मग कड. नव्या नाण्याच्या कडेला तांब्याची लालसर रेघ असते, कारण पोटात तांबं आणि दोन्ही अंगांना तांबं-निकेलचा पातळ थर. जुन्याची कड सलग पांढरी. वजन 6.25 ग्रॅम, नव्याचं 5.67. लोहचुंबकाच्या नादी लागू नका, दोन्ही त्याला चिकटत नाहीत. जुन्या क्वार्टरमध्ये सुमारे 5.6 ग्रॅम शुद्ध चांदी असते, डाइममध्ये सव्वादोन, मॉर्गन नावाच्या जुन्या, मोठ्या चांदीच्या डॉलरमध्ये 24. आपल्या सराफाचा ग्रॅमचा भाव विचारा आणि गुणाकार करा. झिजलेल्या नाण्याची किंमत तेवढीच. जुनं आहे म्हणून कोणी दुप्पट मागितली तर सरळ उठून या. मॉर्गनच्या तर नकलाही भरपूर फिरतात.

याच मॉर्गन डॉलरचं आपल्याशी नातं आहे, आणि ते इथल्याही फार थोड्यांना ठाऊक असतं. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा तुटवडा पडला. नोव्हेंबर 1917 मध्ये सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली, पण लोकांचा विश्वास कागदावर नव्हता. नोटा पुढे करून ते बंदे रुपये मागू लागले. सरकारची तिजोरी रिकामी व्हायची वेळ आली. एप्रिल 1918 मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला. तो नेवाडा या चांदीच्या खाणींच्या राज्यातल्या सिनेटर की पिटमन यांच्या नावाचा. त्याखाली 27 कोटी चांदीचे डॉलर, बहुतेक मॉर्गनच, वितळवले गेले आणि त्यातली बहुतेक चांदी औंसाला एक डॉलर या दराने ब्रिटनला विकली गेली, हिंदुस्थानासाठी. टांकसाळीत तिचे पंचम जॉर्जचे रुपये पडले. अमेरिकेच्या तिजोरीतला डॉलर आपल्याकडच्या कनवटीला आला तो असा.

त्या रुपयात 10.69 ग्रॅम चांदी आहे, म्हणजे जुन्या क्वार्टरच्या जवळजवळ दुप्पट. मारुंजीत कुणाच्या देवघरात 1918 ते 1920 सालचा बंदा रुपया असेल, तर त्यात नेवाडाची चांदी असू शकते. म्हणून इकडून नाणी मागवण्याआधी घरातले डबे उघडा. रुपया चिंचेने घासू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी भाव देतात. आणि मोडीत घालण्याआधी एकदा त्यावरचं साल वाचा.