कोट नाही, पण कागद कडक!

सुरतच्या हजिरा रस्त्यावरचं इच्छापोर. हिरे-दागिन्यांच्या पार्कमुळे चकाकणारं. समजा, तिथे तुम्ही एक छोटासा प्लॉट घेतलाय. खरेदीखत करायचंय. पहिला फोन कुणाला? वकिलाला?

थांबा! माहीत आहे का, दस्त वकिलानेच लिहावा असं १९०८ चा नोंदणी कायदा कुठेही म्हणत नाही. तुम्ही लिहा, काकांना लिहायला सांगा, नाहीतर दस्तलेखकाकडे जा. सब-रजिस्ट्रारला लागतो तो नीट मजकूर, पुरेसा मुद्रांक आणि हजर माणसं. काळा कोट ऑप्शनल!

आणि दस्त मराठीत लिहिला तर? घाबरू नका, कलम १९ वाचा. भाषा अधिकाऱ्याला येत नाही आणि जिल्ह्यात सर्रास वापरलीही जात नाही, अशी डबल अडचण असेल तरच दस्त परत येतो. तेव्हाही सोबत खरं भाषांतर आणि प्रत जोडली की गाडी पुढे. सुरतच्या उधना-लिंबायतभर पसरलेली खान्देशी मंडळी, ऐकताय ना?

दस्तलेखकाचा धंदा किती जुना? गुजरातमध्ये मध्ययुगात ‘लेखपद्धति’ नावाचा संस्कृत नमुनासंग्रह तयार झाला. म्हणजे रेडिमेड फॉरमॅटचं पुस्तक! जमीन विका, कर्ज घ्या, नुसती नावं बदला. त्यात दासी विकण्याचेही नमुने आहेत, तेव्हा जुन्या काळाच्या प्रेमात फार पडू नका. हा संग्रह १९२५ साली छापला बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजने. संपादकांपैकी एक होते श्रीगोंदेकर. गुजरातचा खजिना, मराठी दरबाराची तिजोरी!

आता एक सेलिब्रिटी एन्ट्री. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला एक तरुण मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात उलटतपासणीला उभा राहिला आणि त्याची बोलतीच बंद झाली. मग तो राजकोटला गेला आणि अर्ज-निवेदनांचे मसुदे लिहू लागला. महिन्याची कमाई सरासरी ३०० रुपये. नाव? मोहनदास करमचंद गांधी. जीभ अडली, लेखणी चालली!

बरं, ‘सर्टिफाइड’ दस्तलेखक व्हायचंय? त्याची गंमत राज्याराज्यांत वेगळी. केरळ आणि तामिळनाडूत दस्तलेखकांच्या लायसन्ससाठी चक्क स्वतंत्र नियम आहेत. केरळचे १९६० चे, तामिळनाडूचे १९८२ चे. महाराष्ट्रात तालुक्याच्या कचेरीबाहेर ‘मुद्रांक विक्रेता व दस्तलेखक’ अशी जोडपाटी दिसते. एका हाताने स्टॅम्प, दुसऱ्या हाताने मजकूर. कॉम्बो ऑफर!

पुण्या-मुंबईत तर नवाच अवतार निघालाय. भाड्याच्या फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार करायला एक तरुण लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन थेट तुमच्या हॉलमध्ये येतो. चहा होईपर्यंत करार भरलेला. हे ‘ऑथोराइज्ड सर्व्हिस प्रोव्हायडर’, नोंदणी विभागाने नेमलेले. आणि घरमालकांनो, माहीत आहे का, हा करार नोंदवायची जबाबदारी तुमची आहे? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. नाही नोंदवला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड.

सगळ्यात गाजलेला स्टॅम्प विक्रेता कोण? बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी! लहानपणी रेल्वेत फळं, शेंगदाणे विकले आणि १९९४ साली स्टॅम्प पेपर विकायचं लायसन्स मिळवलं. पुढचा बनावट स्टॅम्प पेपरचा घोटाळा तुम्ही वेब सीरिजमध्ये पाहिलाच असेल. दंड किती? २०२ कोटी! अशा बनावट कागदांच्या धसक्याने देशात ई-स्टॅम्पिंगला जोर आला. गुजरातने तर १ ऑक्टोबर २०१९ पासून छापील स्टॅम्प पेपरची विक्रीच बंद केली. त्यामुळे इच्छापोरच्या प्लॉटसाठी ‘शंभराचा बाँड द्या हो’ म्हणत फिरू नका. प्रिंटआउट मिळेल.

आणि हा सस्पेन्स ऐका. तेव्हाच्या मुंबई राज्याचा मुद्रांक कायदा १९५८ चा. १९६० साली राज्यं दोन झाली, कायदा दोघांनी वाटून घेतला. आज एकाचं नाव ‘महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम’, दुसऱ्याचं ‘गुजरात’. सातबाराचंही तसंच! सुरतेतही शेतजमिनीला सात-बारच काढतात. जुळी भावंडं, आडनावं वेगळी.

क्विक फायर! स्थावर मालमत्तेच्या विक्रीला नोंदणी सक्तीची कितीपासून? १०० रुपयांपासून. हा आकडा १८८२ च्या कायद्यातही आहे, अजून तोच. आज शंभरात जमीन सोडा, सुरतेत दोन जणांचा लोचोचा नाश्ता होईल. दस्त सही केल्यावर सादर करायला किती वेळ? चार महिने. सब-रजिस्ट्रार घरी येतो? येतो, खास कारण असेल तर. आणि सही करणारा तुरुंगात असेल तर तुरुंगातही जातो.

इच्छापोरला आलोच आहोत तर इच्छापत्राबद्दल बोलू या! मृत्युपत्राला ना स्टॅम्प लागतो, ना वकील, ना सक्तीची नोंदणी. कोरा कागद, तुमची सही, दोन साक्षीदार. लांबीचीही अट नाही: दिल्लीतल्या एका बाईंच्या १९९५ च्या हिंदी मृत्युपत्राचा अर्थ इतकाच की सगळं मुलाला. गिनेस बुकात नोंद! कॅनडात मात्र कमाल झाली. १९४८ साली सॅस्काचेवानमध्ये सेसिल जॉर्ज हॅरिस ट्रॅक्टरखाली अडकला. त्याने खिशातल्या चाकूने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर खरडलं की सगळं बायकोला. कोर्टाने मान्य केलं! तो पत्रा आजही तिथल्या विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात ठेवलाय. साक्षीदार शून्य, म्हणून आपल्याकडे हा प्रयोग नको.

परदेशात तर कागद लिहिण्यासाठी थेट सर्टिफिकेट! अमेरिकेच्या ॲरिझोनात सर्टिफाइड ‘लीगल डॉक्युमेंट प्रिपेअरर’ असतो. त्याने प्रत्येक कागदावर स्वतःचं नाव आणि सर्टिफिकेट नंबर टाकायचा. ही आयडिया मला भलतीच आवडते. आपल्याकडे चतुःसीमा चुकवणारा कधीच सापडत नाही. पूर्व-पश्चिम उलटी झाली की शेजाऱ्याशी वीस वर्षं कोर्टात, आणि लिहिणारा मस्त पुढचा दस्त टाइप करतोय! कॅलिफोर्नियात हेच काम करायचं तर २५,००० डॉलरचा बाँड द्यावा लागतो. जपानमध्ये ‘ग्योसेईशोशी’ नावाचे परीक्षा पास झालेले कागद-तज्ज्ञ आहेत, आणि २२ फेब्रुवारी हा त्यांचा खास दिवस. इंग्लंडने १९८५ च्या कायद्याने घरखरेदीचे कागद करणारे ‘लायसन्स्ड कन्व्हेयन्सर’ आणले आणि सॉलिसिटरांची मक्तेदारी फुटली.

आपल्याकडे फुकटात ओळखपत्र मिळवायचा रस्ता आहे का? आहे! राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २००९ ची ‘पॅरा लीगल व्हॉलंटिअर’ योजना. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, कुणीही. शिक्षण मॅट्रिकपर्यंत असलं तरी चालतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ट्रेनिंग देतं, मग लोकांना अर्ज लिहायला मदत करायची. कोर्टात मात्र उभं राहायचं नाही!

लक्ष्मणरेषा इथेच आहे बरं का. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकिली म्हणजे फक्त कोर्टातला युक्तिवाद नव्हे, सल्ला आणि मसुदेही त्यात येतात. सांगितलेलं कागदावर उतरवणं वेगळं, ‘तुमची केस मी बघतो’ म्हणणं वेगळं. हक्क नसताना कोर्टात वकिली केली तर ॲडव्होकेट्स ॲक्ट, कलम ४५: सहा महिन्यांपर्यंत कैद.

आणि माहीत आहे का? लांब शिक्षा भोगणारे, चांगल्या वर्तणुकीचे सुशिक्षित कैदीही पॅरा लीगल व्हॉलंटिअर होऊ शकतात. म्हणजे आत गेलात, तर तुमचा जामिनाचा अर्ज लिहून देणारा सर्टिफाइड माणूस शेजारच्या बराकीतच बसलेला असेल!