वतन गेले, आडनाव राहिले : जवळ्याच्या देहाचा विचार

वसईच्या किनाऱ्यावर एका हिवाळी सकाळी, मचव्यांतून उतरलेल्या टोपल्यांभोवती घासाघीस ऐन रंगात आलेली असताना, मी एका कोळिणीकडे फक्त दहा-बारा जवळे, आणि तेही शक्य तर जिवंत, मागितले, तेव्हा तिने आधी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या काचेच्या बरणीकडे पाहिले आणि विचारले, "दहा जवळ्यांत काय शिजवणार, दादा?" पाय मोजायचे आहेत असे मी सांगताच शेजारच्या दोघी हसल्या. "जवळ्याचे पाय कोण मोजतो? वाट्यावर घ्या नि जा," असे म्हणत तिने ओंजळभर जवळा बरणीत टाकला आणि पैसे मात्र घेतले नाहीत, ज्या मालाची गणती कधी होतच नाही, त्यातल्या ओंजळीची किंमत काय करायची, असा तिचा हिशेब असावा.

बरणीतले बहुतेक जीव तळाशी निपचित पडले होते, पण चार-दोन अजून पोहत होते, आणि ते पोहत आहेत हे कळायलासुद्धा थोडा वेळ लागला, कारण जिवंत जवळा आधी दिसतो तो त्याच्या डोळ्यांनी; दोन काळेभोर ठिपके पाण्यात जोडीने सरकताना दिसतात आणि त्यांच्या मागे इंच-दीड इंचाची देहाकृती असली पाहिजे, हे आपण अनुमानाने ठरवतो. भिंग लावल्यावर त्या पारदर्शक देहाचा तपशील एकेक करून उघडू लागतो: देठांवर बसवलेले संयुक्त डोळे, शिर आणि वक्ष एकाच पृष्ठवर्माखाली झाकलेले, त्या वर्माच्या मागील भागात पाठीलगत धडधडणारे हृदय, तेथून सहा खंडांच्या उदरातून सरळ शेपटीपर्यंत गेलेली आतड्याची रेषा, आणि आपल्या उलट, पाठीकडून नव्हे तर पोटाच्या बाजूने धावणारी चेतारज्जू. शेपटीच्या पंख्यावर तांबड्या रंगाचा ठिपका असतो. प्राण गेला की ही पारदर्शकता टिकत नाही. देहातील प्रथिने गोठतात आणि काचेसारखा जीव दुधी होतो. बाजारात आपण ज्याला ताजा जवळा म्हणतो, तो वस्तुतः आपला मूळचा वेष उतरवून ठेवलेला जवळा असतो.

शास्त्राच्या दप्तरात ह्या जीवाची पहिली नोंद 1830 सालची आहे. पॅरिसचे प्राणिशास्त्रज्ञ आँरी मिल्न-एडवर्ड्स यांनी त्या वर्षी कवचधारी प्राण्यांच्या काही नव्या प्रजातींचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात अ‍ॅसिटिस ही प्रजाती होती आणि तिच्यातील जातीला त्यांनी इंडिकस हे नाव दिले. पुढे 1917 मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या संग्रहावरून स्टॅन्ली केम्प यांनी ह्या प्रजातीची पुन्हा कसून तपासणी केली, आणि 1975 मध्ये जपानचे माकोतो ओमोरी यांनी जगभरातील सर्व अ‍ॅसिटिसांचा, त्यांच्या देहरचनेपासून मासेमारीपर्यंत, एकत्र आढावा घेतला. ह्या सर्वांनी ज्या एका गोष्टीकडे बोट दाखवले, तीच मला भिंगाखाली पाहायची होती.

जवळा हा कोळंबी, खेकडा आणि शेवंड यांच्या गणातला. त्या गणाचे नाव दशपाद. ह्या गणातील प्राण्याच्या देहाची मांडणी जुन्या जमाबंदीच्या कागदासारखी पक्की असते: शिराचे पाच खंड, वक्षाचे आठ, उदराचे सहा, आणि प्रत्येक खंडाकडे अवयवांची एक जोडी, म्हणजे एकूण 19 जोड्या. शिराच्या पाच जोड्यांत दोन शृंगिकांच्या आणि तीन मुखाच्या; वक्षाच्या आठांपैकी पहिल्या तीन अन्न धरून तोंडाकडे नेणाऱ्या जंभपादांच्या आणि उरलेल्या पाच चालण्याच्या पायांच्या, ज्यांवरून गणाला नाव पडले; उदराच्या सहांपैकी पाच पोहण्याच्या, म्हणजे प्लवपादांच्या, आणि शेवटची शेपटीच्या पंख्याची. माझ्या बशीतल्या जवळ्याचे पाय मी सुईच्या टोकाने एकेक बाजूला सारून मोजले. पहिली जोडी, दुसरी, तिसरी. तिन्ही केसासारख्या बारीक, तिन्हींच्या टोकांना भिंगाशिवाय दिसणार नाहीत असे इवलेसे चिमटे. आणि त्यापुढे चौथ्या-पाचव्याच्या जागी काही नाही. पाय तुटले असतील म्हणून दुसरा जवळा घेतला, मग तिसरा, हिशेब तोच. दशपादांच्या कुळातील ह्या इसमाला पाय सहाच.

ह्यात विसंगती वाटण्याचे कारण, नाव म्हणजे मोजदाद, अशी आपली भाबडी समजूत. आपल्याकडे देशमुखी आणि कुलकर्ण वतने खालसा होऊन पिढ्या लोटल्या, पण म्हणून कोणी देशमुखाने किंवा कुलकर्ण्याने आडनाव टाकलेले नाही. आज त्या नावाचा माणूस काय करतो हे ते नाव सांगत नाही, तो कोठून आला हे सांगते. दशपाद हे अशाच जातीचे आडनाव आहे. आणि वतन गेल्यावरही जुन्या कागदावर शिक्का राहावा, तशी एक खूण जवळ्याच्या नराच्या अंगावर राहिलेली आहे. दशपादांमध्ये नराचे जननद्वार पाचव्या पायाच्या मुळाशी आणि मादीचे तिसऱ्या पायाच्या मुळाशी असते, हा कुळाचा रिवाज. जवळ्याच्या नरात पाचवा पाय नाही, तरीही जेथे तो असायचा त्याच सुमारास दोन लहानसे उंचवटे आहेत, आणि जननद्वार तेथेच उघडते. पाय गेला, पायाचे मूळ मात्र, त्याच्यावर दुसरी जबाबदारी असल्यामुळे, कायम राहिले. देहाच्या खंडांची गणती येथे जुळते, आणि मग हे प्राणी दशपाद कसे, ही शंका आपोआप निकालात निघते.

पाय का गेले, ह्याचे उत्तर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाहून मिळते. खेकडा, शेवंड आणि मोठी कोळंबी यांचे मागचे पाय तळावर चालण्यासाठी असतात. जवळा मात्र आयुष्यभर पाण्यात तरंगतो, उदराखालच्या पाच जोड्या वल्ह्यांसारख्या मारीत पुढे जातो आणि भय वाटले की उदर झटकन दुमडून मागे उसळी घेतो. त्याचा जवळचा नातलग सर्जेस्टिस खोल समुद्रात राहतो. त्याला चौथी-पाचवी जोडी आहे, पण आखूड आणि चालण्याच्या कामातून मोकळी झालेली. दुसरा नातलग लुसिफर, जो कोकणच्या पाण्यातील प्लवकांतही आढळतो, त्याने तर ह्या दोन जोड्यांबरोबर कल्लेही सोडले आहेत. देह इतका बारीक की प्राणवायू अंगातूनच आत येतो. ही तीन भावंडे शेजारी ठेवली म्हणजे एकाच काटकसरीच्या तीन पायऱ्या दिसतात, जरी एकाने दुसऱ्यापासून ती उचलली असे म्हणता येत नाही. जवळा मधल्या पायरीवर आहे.

परंतु हा देह केवळ वजाबाकीचा नाही, आणि हे सांगायला त्याच्या दुसऱ्या शृंगिका पुरेशा आहेत. ह्या शृंगिका देहापेक्षा लांब, लालसर आणि विलक्षण घडणीच्या असतात: मुळाकडचा भाग ताठ, मग एक नेमका वाक, आणि त्यापुढचा लवचीक भाग पोहताना देहाच्या मागे समांतर ओढला जाणारा. त्या मागच्या भागावर केसांच्या ओळी दाटीने वळलेल्या असतात. डेंटन आणि ग्रे ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1985 मध्ये दाखवून दिले, की अशा शृंगिकांचे काम माशाच्या अंगावरील पार्श्वरेषेसारखे चालते. पाण्यातील बारीकसारीक हालचाल, म्हणजे कोण जवळ येत आहे आणि कोण दूर जात आहे, त्यांवर उमटते. गढूळ पाण्यात झुंडीने राहणाऱ्या जीवाला शेजारी ओळखण्यासाठी आणि शत्रूची चाहूल घेण्यासाठी हे इंद्रिय चार पायांपेक्षा मोलाचे. नराच्या पुढील लहान शृंगिकेला तर मादीला पकडून ठेवण्याची एक आकडीही असते, आणि पहिल्या प्लवपादांवर नराचे जे गुंतागुंतीचे उपांग असते, त्याच्या आकारावरून एक जात दुसरीपासून ओळखली जाते. मादी अंडी पोटाशी धरून फिरत नाही. ती थेट पाण्यात सोडते, आणि पुढचे सारे भरती-ओहोटीच्या हवाली.

त्याच भरती-ओहोटीवर डोलकऱ्याचा धंदा उभा आहे. पाण्याच्या ओढीसमोर तोंड करून बांधलेले डोल जाळे शेवटाकडे बारीक विणीचे होत जाते, आणि तिथे जवळा अडकतो. महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर ह्या एका जिवाचा पसारा मोठा आहे. बोंबील साफ करणाऱ्या गृहिणीला त्याच्या पोटात जवळा सापडतो, हा तर आपल्या घरातला पुरावा. ब्रह्मदेशातील ङपी आणि मलायातील बेलाचान ह्या मुरवलेल्या कोळंबीच्या वड्यांतही त्याच्या भावंडांचा वाटा मोठा आहे.

आमच्या घरी सुका जवळा चटणीसाठी घेतला, की आजी तो आधी सुपात घेऊन अंगणात पाखडायची. वाळल्यावर ह्या देहाचे जे बारीक ते सारे मोडते. शृंगिका, प्लवपाद, चिमटे असलेले ते सहा पाय आणि नराच्या अंगावरची ती खूणही, सारे फोलपटाबरोबर वाऱ्यावर उडून जाई, आणि सुपात उरे तो फिकट तांबूस धडांचा ढीग, ज्यातून असंख्य काळे डोळे वर पाहत. वसईची ती कोळीण हसली त्यात गैर काहीच नव्हते. वतनाचे कागद आपण दर वर्षी अंगणात पाखडत आलो. मी फक्त पाखडण्याआधी एकदा वाचून घेतले.