आंब्याची पेटी आणि संकेतस्थळ

बाजारपेठेंत दुकान मांडणाऱ्या मनुष्यास एक मोठी सोय फुकट मिळत असते. त्याच्या दुकानासमोरून रस्ता जातो आणि त्या रस्त्यावरून माणसें जातात. कोणी भाजी घ्यावयास निघालेला असतो, कोणी टपालकचेरींत. परंतु जातां जातां त्याची नजर पाटीवर पडते आणि पुढें गरज लागली म्हणजे त्या पाटीची आठवण होते. संकेतस्थळाची गोष्ट निराळी आहे. तें कोणत्याहि रस्त्यावर उभें नसतें. जो तेथें येतो तो कांहीं तरी शोधीत येतो, आणि शोधलेली वस्तु क्षणांत न दिसल्यास तितक्याच त्वरेनें निघून जातो. हा भेद ध्यानांत घेतला म्हणजे लहान धंदेवाल्यानें आपलें संकेतस्थळ कसें ठेवावें, या प्रश्नाचें निम्में उत्तर हातीं येतें.

टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञानें सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेंत असतां १९८९ सालीं या जाळ्याची कल्पना मांडली. १९९१ सालीं पहिलें संकेतस्थळ सर्वांस खुलें झालें आणि १९९३ च्या एप्रिलांत सर्नने हें तंत्र वाटेल त्यास विनामूल्य वापरण्यास मोकळें करून दिलें. भारतांत सामान्य जनतेस इंटरनेटची सोय १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागली. २०१४ सालीं ‘.भारत’ हें देवनागरी नामचिन्ह सुरू झाल्यामुळें संकेतस्थळाचा पत्ताहि मराठी अक्षरांत लिहितां येऊं लागला. आज असें स्थळ उभारण्यास फारसें भांडवल लागत नाहीं. उभारणें सोपें झालें. उपयोगी करणें मात्र तितकें सोपें झालेलें नाहीं.

विषय स्पष्ट होण्यासाठीं देवगडच्या एखाद्या मध्यम प्रतीच्या आंबा बागाईतदाराचें उदाहरण घ्यावें. तो वर्षभर कलमांची निगा राखतो, थंडींत मोहोर जपतो, आणि त्याचें वर्षाचें उत्पन्न उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत हातीं येतें किंवा हातचें जातें. पेटी वाशीच्या घाऊक बाजारांत गेली म्हणजे भाव ठरवितांना त्याचा शब्द चालत नाहीं. हमाली व वाहतूक वजा होऊन जी पट्टी येते ती त्यानें मुकाट्यानें घ्यावयाची. तिकडे पुण्यामुंबईचा गृहस्थ ‘देवगड हापूस’ या नांवाला पुरे पैसे मोजतो आणि पेटींत कित्येकदां परप्रांतींचें फळ निघतें. ज्याच्याजवळ खरा माल आहे त्याला भाव नाहीं, व जो भाव देतो त्याला खरा माल नाहीं. या दोघांची गांठ घालून देण्याचें सामर्थ्य संकेतस्थळांत आहे. ती गांठ पडली तर घरांतील पुढची पिढी बागेंत राहील. न पडली तर तीहि नोकरीच्या शोधांत मुंबईची वाट धरील. तेव्हां हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं.

आतां अशा बागाईतदाराचें संकेतस्थळ बहुधा कसें असतें तें पाहावें. प्रथम सूर्योदयाचें भव्य चित्र. त्यावर ‘आपलें सहर्ष स्वागत असो’ ही अक्षरें. पुढें घराण्याचा इतिहास. त्यानंतर ‘उत्तम दर्जा, हीच आमची ओळख’ असें एखादें वाक्य, जें चपला विकणाराहि तितक्याच सुखानें लिहूं शकेल. भाव कोठेंच नाहीं. दूरध्वनीचा क्रमांक शेवटच्या पानाच्या तळाशीं. अशा स्थळावर हंगामभर चार पत्रें आलीं नाहींत तर दोष इंटरनेटचा नव्हे.

पहिला नियम असा कीं, संकेतस्थळाचा आरंभ मालकापासून न होतां ग्राहकाच्या प्रश्नापासून व्हावा. आंबा घेणाऱ्याच्या मनांत चार प्रश्न असतात. आंबा खरोखर देवगडचाच आहे काय? डझनास काय पडेल, आणि त्यांत घरपोच पोंचविण्याचा खर्च धरला आहे काय? पेटी केव्हां मिळेल? आणि फळ खराब निघाल्यास पुढें काय? हीं चार उत्तरें पहिल्याच पानावर, ठळक व सोप्या शब्दांत असावीं. इतिहास अवश्य असावा, परंतु तो या उत्तरांच्या मागें उभा असावा. जेकब नील्सन या संशोधकानें १९९७ सालीं केलेल्या प्रयोगांत नवीन पान समोर येतांच शंभरांपैकीं ७९ वाचक तें केवळ चाळतात आणि अवघे १६ शब्दन्‌शब्द वाचतात, असें आढळून आलें. म्हणून मथळे अर्थपूर्ण असावे, परिच्छेद आखूड असावे, आणि मुख्य गोष्ट वाक्याच्या आरंभींच यावी.

दुसरा नियम वेगाचा. आज बहुतेक गिऱ्हाईक भ्रमणध्वनीच्या वीतभर पडद्यावरून येतें, आणि कित्येकदां प्रवासांत असतां येतें. गूगलने २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें पान उघडण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला तर भ्रमणध्वनीवरील शंभरांपैकीं ५३ भेटी तेथेंच संपतात. हा विलंब बहुधा अवजड छायाचित्रांमुळें होतो. भ्रमणध्वनीनें काढलेलें छायाचित्र चार-पांच मेगाबाइटांचें असतें. तेंच आकारानें लहान करून दोनशें किलोबाइटांच्या आंत आणलें तरी लहान पडद्यावर डोळ्यांस कांहीं उणें भासत नाहीं. शिवाय गूगल आतां संकेतस्थळाची पारख करतांना त्याचें भ्रमणध्वनीवर दिसणारें रूपच प्रमाण मानतें. तो पालट २०२३ सालीं पूर्ण झाला. तेव्हां मालकानें आपलें स्थळ मोठ्या संगणकावर पाहून संतुष्ट न होतां शेजाऱ्याच्या साध्या भ्रमणध्वनीवर उघडून पाहावें.

तिसरी गोष्ट, ग्राहकास वाट सांपडण्याची. शोधयंत्र हें रात्रंदिवस पानें वाचून त्यांची सूचि करणाऱ्या कारकुनासारखें असतें, आणि हा कारकून मुख्यतः अक्षरांवर विसंबून असतो. भाव किंवा गांवाचें नांव चित्रांत कोरून ठेवलें तर तें त्याच्या ध्यानांत येईलच असा भरंवसा नाहीं. प्रत्येक पानास स्वतंत्र व स्पष्ट शीर्षक असावें. ‘मुखपृष्ठ’ या शीर्षकानें कांहींच कळत नाहीं. ‘देवगड हापूस आंबा, पुण्यांत घरपोच’ या शीर्षकानें यंत्रास व माणसास दोघांसहि अर्थबोध होतो. शब्द ग्राहकाच्या तोंडचे असावे. कोणी ‘हापूस’ म्हणतो, कोणी ‘अल्फान्सो’. दोन्ही शब्द सहज ओघांत यावे. मात्र तेच तेच शब्द पन्नास वेळां भरून यंत्रास फसविण्याचा उद्योग करूं नये. तो ओळखण्याची युक्ति यंत्रास केव्हांच साधली आहे. त्यापेक्षां ‘अढी कशी घालावी’, ‘कच्चा आंबा पिकण्यास किती दिवस लागतात’, ‘साका म्हणजे काय’ अशा प्रश्नांवर एकेक छोटें पान लिहावें. त्या शोधांत आलेला मनुष्य उद्यांचा ग्राहक असतो. गूगलच्या नकाशांत धंद्याची नोंद विनामूल्य होते. तीहि करून ठेवावी, आणि तेथील पत्ता, वेळ व क्रमांक संकेतस्थळावरील मजकुराशीं तंतोतंत जुळते ठेवावे.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट विश्वासाची. समोरासमोर व्यवहारांत ग्राहक फळ हातांत घेतो, वास घेतो, विकणाऱ्याचा चेहरा पाहतो. येथें यांपैकीं कांहींच नाहीं. म्हणून त्याची उणीव पुराव्यानें भरून काढावी लागते. हापूस आंब्यास २०१८ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला असून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे व रायगड हे पांच जिल्हे त्यांत येतात. बागाईतदारानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून तो क्रमांक पानावर द्यावा. छायाचित्रें विकतचीं नसावीं. आपल्याच बागेचीं, झेल्यानें आंबे उतरवितांनाचीं, पेंढ्यांत पेटी भरतांनाचीं असावीं. कॅल्शियम कार्बाइडनें फळ पिकविण्यास कायद्याची बंदी आहे. आपण आंबा कसा पिकवितों हें स्पष्ट लिहावें. आणि दोष लपवूं नये. हापुसांत साका बाहेरून दिसत नाहीं, फळ कापल्यावरच कळतो. ‘असें फळ निघाल्यास छायाचित्र पाठवावें, बदली फळ किंवा पैसे परत मिळतील’ हें एक वाक्य दहा प्रशस्तिपत्रांहून अधिक काम करतें. अट इतकीच कीं तें पाळलें पाहिजे. संकेतस्थळ सुरक्षित जोडणीचें असावें हेंहि विसरूं नये, कारण २०१८ च्या जुलैपासून क्रोम या न्याहाळकांत तशी जोडणी नसलेल्या पानांवर ‘असुरक्षित’ असा शेरा दिसूं लागला, आणि तो शेरा पाहून कोण पैसे पाठवील?

पांचवी गोष्ट, विनंति एकच व स्पष्ट असावी. कोठें ‘अधिक वाचा’, कोठें ‘सभासद व्हा’, कोठें ‘चित्रफीत पाहा’, अशा दहा हांका एकदम मारल्या तर ग्राहक कोणाकडेच वळत नाहीं. ‘पेटी मागवा’ ही एकच कळ प्रत्येक पानावर, अंगठा सहज पोंचेल अशा जागीं असावी. तीखालीं दूरध्वनि व व्हॉट्सॲपचा क्रमांक असावा, कारण पहिली पेटी मागविण्यापूर्वीं पुष्कळांस दोन शब्द बोलून खात्री करून घ्यावयाची असते. मागणीपत्रकांत नांव, पत्ता, क्रमांक व पेट्यांची संख्या एवढेंच विचारावें. जन्मतारीख विचारण्याचें आंबेवाल्यास कांहींच कारण नाहीं.

शेवटीं हिशेब. समजा, हंगामांत एक हजार लोक स्थळावर आले आणि दहांनीं पेटी मागविली. मागणी दुप्पट करण्याचे मार्ग दोन. जाहिरातीस पैसे देऊन दोन हजार लोक आणावे. हा खर्च दर वर्षीं करावा लागतो. किंवा आलेल्या हजारांपैकीं दहांच्या जागीं वीस जणांचें समाधान होईल असें पान सुधारावें. हा श्रम बहुतांशीं एकदांच करावा लागतो. शहाण्या मनुष्यानें आधीं दुसरा मार्ग धरावा, कारण गळक्या घागरींत अधिक पाणी ओतून घागर भरत नाहीं. सुधारणा करतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व पंधरवडाभर आंकडे पाहावे. सर्वच एकदम बदललें तर गुण कशाचा आला हें समजत नाहीं. आलेल्या प्रत्येक ग्राहकास ‘आमचा पत्ता कसा लागला?’ एवढें विचारून वहींत टिपून ठेवलें तरी पुष्कळ उलगडा होतो.

हंगाम संपल्यावर स्थळ ओसाड टाकूं नये. जूनमध्यें येणाऱ्यास ‘या वर्षीचे आंबे संपले; पुढील हंगामाची सूचना हवी असल्यास क्रमांक द्यावा’ असें वाचावयास मिळावें. असा क्रमांक ग्राहकाच्या संमतीनेंच घ्यावा व सांगितलेल्या कामापुरताच वापरावा. २०२३ सालीं भारतांत झालेल्या वैयक्तिक विदेच्या संरक्षणाच्या कायद्याचेंहि हेंच मर्म आहे. गेल्या वर्षींचा भाव मात्र पानावर राहूं देऊं नये. जुना भाव पाहून आलेलें गिऱ्हाईक नवा भाव ऐकतांच आपणांस फसविलें असें समजतें.

सारांश, संकेतस्थळ हें आंबा गोड करीत नाहीं. ज्याच्या पेटींत खोट आहे त्याची खोटच तें अधिक लोकांपर्यंत पोंचवील. परंतु ज्याचा माल खरा आहे आणि जो आडत्याच्या पट्टीकडे डोळे लावून बसला आहे, त्याला आपलें म्हणणें थेट ग्राहकाच्या घरांत नेण्याचें साधन प्रथमच इतक्या स्वस्तांत मिळालें आहे. त्यानें तेथें चार प्रश्नांचीं चार खरीं उत्तरें लिहावीं, आणि पेटी ठरलेल्या दिवशीं पोंचती करावी. दुसऱ्या वर्षीं ते ग्राहक शोधयंत्राची वाट न पाहतां स्वतःच येतील, आणि येतांना शेजाऱ्यासहि घेऊन येतील.