टायफॉईडची गोळी आणि समुद्रकाठची बुरशी

फुलचूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी टायफॉईड झाला की डॉक्टर जी सेफिक्सीमची गोळी किंवा सेफ्ट्रायक्झोनचे इंजेक्शन देतात, त्यांचे मूळ समुद्राच्या पाण्यात सापडलेल्या एका बुरशीत आहे.

गोष्ट 1945 ची. इटलीच्या सार्डिनिया बेटावरील काग्लियारी शहरात टायफॉईड नेहमीचाच. मग शहराचे गटार समुद्राला मिळते तिथे पाणी आपोआप शुद्ध होते की काय, असा प्रश्न प्रा. जुझेप्पे ब्रोत्सू यांना पडला. तिथल्या पाण्यातून त्यांनी एक बुरशी वेगळी काढली. तिचा अर्क टायफॉईडचे जंतू मारत होता! पुढे ती ऑक्सफर्डला गेली. एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी हे रसायन मिळवले. त्यात बदल करून औषधे बनली. पहिले बाजारात यायला 1964 उजाडले.

बुरशी असे रसायन बनवते कशाला? जागा आणि अन्न यांसाठी तिला शेजारच्या जंतूंशी झगडावे लागते. त्यात किनाऱ्यावर खारे पाणी, भरती-ओहोटी. म्हणून शास्त्रज्ञ खारफुटीचा चिखल आणि कुजलेली पाने तपासतात. बुरशी बशीत वाढवून तिच्याजवळ जंतू सोडतात. जंतू वाढलेच नाहीत, तर तिथे काहीतरी आहे असे समजायचे. मात्र त्यातले नेमके रसायन ओळखणे आणि ते माणसाला अपायकारक नाही हे तपासणे, यात वर्षे जातात.

आपल्या शेजारी गोव्यातही हे काम झाले आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. चंद्रलता रघुकुमार यांनी समुद्री बुरशींचा अभ्यास केला. कुजणाऱ्या समुद्री गवतावरची फ्लॅवोडॉन फ्लॅवस ही बुरशी कारखान्यांच्या सांडपाण्याचा रंग घालवते, असे त्यांच्या गटाला आढळले.

इतक्या मेहनतीने हाती आलेले औषध आपण मात्र सहज वाया घालवतो. ताप उतरला की अम्मी उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवते आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच मुलाला देते. सर्दी, फ्लू विषाणूंमुळे होतात. त्यावर या गोळ्या चालतच नाहीत. उगाच घेतल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि खरी गरज असते तेव्हा गोळी कामी येत नाही.

म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका, आणि सांगितले तितके दिवस पूर्ण घ्या. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.